बाहेरच्यांचं शेत

शैलेंद्र खिल्लारेचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं लोक म्हणत, पण ते काही खरं नव्हतं. राग नाकापर्यंत पोहोचायच्या आधीच त्याचे हात काम उरकून मोकळे व्हायचे. मार्चमध्ये तुआसच्या कारखान्यात शिफ्टच्या सुपरवायझरने चारचौघांत 'यू पीपल' म्हणत त्याची चूक काढली, तर शैलेंद्रने कॉलर धरून त्याला लॉकरवर असं आपटलं की पत्र्याला पोचा पडला आणि सुपरवायझरचा ओठ फाटला. चूक शैलेंद्रची नव्हतीच, हे दुपारी सिद्ध झालं. पण दुपारपर्यंत थांबणाऱ्यांतला तो नव्हता.

कंपनीने पोलिसांत दिलं नाही, लेखी ताकीद दिली. पुन्हा कुठेही, कुणावरही हात उगारला तर नोकरी संपली, आणि नोकरीबरोबर या देशात राहायचा पासही. साधनाने ते पत्र फ्रीजच्या दारावर चिकटवलं.

"रोज दूध काढताना दिसेल तुम्हाला," ती म्हणाली. "आठ वर्षं झाली इथे. कायमचं राहायच्या पीआरचा अर्ज आत आहे. मैत्रेयीची सहावीची पीएसएलई परीक्षा सप्टेंबरात आहे. एक पोलीस केस झाली की बॅगा भरायच्या. तुमच्या हातांना सांगून ठेवा."

हातांना नुसतं सांगून भागत नाही, त्यांना काम लागतं, हे साधनाला लग्नाच्या सोळा वर्षांत कळलेलं होतं. म्हणून तिनेच खटपट करून पासिर रिसला त्यांच्या ब्लॉकमागच्या सामुदायिक बागेत एक वाफा मिळवला. दहा फूट लांब, पाच फूट रुंद. शैलेंद्र पहिल्यांदा बघायला गेला तेव्हा हसला. मग खाली बसून त्याने मातीत हात घातला.

लोकांनी तिथे कोथिंबीर, मिरची, सुवासिक पानांचं पांदान लावलं होतं. शैलेंद्रने ज्वारी लावली. लिटल इंडियातल्या किराणा दुकानात मिळालेली अख्खी ज्वारी त्याने भिजवली आणि चार ओळींत टोकली. साधनाने कपाळावर हात मारला. "अहो, पन्नास चौरस फुटांत ज्वारी? माणसं बघायला येतील." माणसं खरंच आली, आणि सगळ्यांत आधी आला शेजारच्या वाफ्याचा म्हातारा.

त्याचं नाव क्वेक. वय चौऱ्याहत्तर, अंगाने काटक, बाजारात चाळीस वर्षं मासे कापलेला. मासे कापायची सुरी अजून त्याच्या कमरेला असायची. तिनेच तो दोडके काढायचा, सुतळी तोडायचा आणि कधीकधी नखंही. ज्वारीची रोपं गुडघाभर झाली तेव्हा त्याने एक पान बोटांत चोळून पाहिलं आणि ओरडला, "काओ-ल्यांग!" मग अंगठा तोंडाकडे नेऊन पिण्याची खूण केली. त्यांच्याकडे याची दारू होते, असं त्याचं म्हणणं. "आमच्याकडे भाकरी होते," शैलेंद्रने इंग्रजीत सांगितलं. म्हाताऱ्याला भाकरी समजली नाही. शैलेंद्रला म्हातारा समजला नाही. त्यांचं चांगलं चाललं होतं.

बिनसलं ते पाण्यावरून. क्वेक अंकलकडे एक निळं पिंप होतं. बाजारातून आणलेली माशांची डोकी, आतडी, खवले असं सगळं तो त्यात कुजवत ठेवायचा. मे महिन्यात एके दिवशी त्या पिंपाच्या तळाशी त्याने अर्धा कापलेला पाइप लावला आणि त्याचं दुसरं टोक थेट शैलेंद्रच्या वाफ्यात सोडलं. काळं, घाणेरडं, डोळ्यांना झोंबेल इतक्या वासाचं पाणी ज्वारीच्या मुळाशी येऊ लागलं. म्हातारा लांबून हात हलवायचा आणि दात काढायचा.

शैलेंद्र पेटला तो वासाने नव्हे. परभणीकडच्या त्याच्या गावात वरच्या आळीची सगळी गटारं उताराने त्यांच्या वस्तीत यायची. नकाशाच तसा होता. वरचे लोक अंघोळ करायचे आणि ते पाणी खिल्लाऱ्यांच्या दारासमोरून वाहायचं. चाळीस वर्षांनी, समुद्र ओलांडून आल्यावर, कुणीतरी आपली घाण पुन्हा त्याच्याच दारात सोडली होती. त्याने पाइप लाथेने उडवला. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने तो परत लावला. असं तीनदा झालं. शेवटी साधनाने फ्रीजवरच्या पत्राकडे बोट दाखवलं आणि शैलेंद्र गप्प बसला. ज्वारी मात्र त्या जूनमध्ये अशी वाढली की त्याच्या डोक्यावरून गेली. का वाढली, हा प्रश्न त्याला पडला नाही. राग आलेला माणूस पिकाकडे बघत नाही, शेजाऱ्याकडे बघतो.

मैत्रेयी शाळेत चायनीज शिकत होती. बारा वर्षांची पोर, घरात मराठी ऐकायची आणि उत्तर सिंग्लिशमध्ये, तिथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत, द्यायची. जुलैमध्ये तिला सुपीक जमीन आणि सुबत्ता या विषयावरच्या म्हणी पाठ करायला दिल्या होत्या. बाप वाफ्याला पाणी घालायचा, ती कठड्यावर बसून घोकायची.

"वू-कू-फंग-तंग. फाइव्ह ग्रेन्स, बिग हार्वेस्ट. वो-ये-छ्येन-ली. थाउजंड माइल्स फर्टाइल लँड. यू-मी-ज-श्यांग. फिश अँड राइसचं गाव." मग वहीतून डोकं वर काढून तिने विचारलं, "बाबा, मराठीत असं काय म्हणतात?"

"काळी आई म्हणतात जमिनीला," शैलेंद्र म्हणाला.

"सो नाइस."

"ज्याची असते त्याला नाइस. आपली ती सावत्र."

पोरीला काही कळलं नाही. त्याने झारी पुढच्या ओळीवर नेली.

मग आठवडाभर पाऊस लागला. शनिवारी उघडल्यावर दोघं बागेत गेले, तर पाइपच्या तोंडाशी, नेमक्या त्यांच्याच वाफ्याच्या बांबूवर, लाल कागदाची उभी पट्टी चिकटलेली. वरचा भाग पावसाने गळून गेला होता, खाली ब्रशने काढलेली तीन अक्षरं तेवढी शिल्लक होती. त्यांचाही रंग ओघळला होता. मैत्रेयीने जवळ जाऊन वाचलं.

"वाय-रन-थ्येन."

"म्हणजे काय?"

"आउटसायडर्स' फील्ड." मराठीत सांगायला तिला जरा वेळ लागला. "बाहेरच्यांचं... शेत."

शैलेंद्रच्या हातातली झारी थांबली. बाहेरचे. हा शब्द त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. गावकुसाबाहेरचे, पंगतीबाहेरचे, देवळाबाहेरचे. आजा बाहेरचा, बाप बाहेरचा, आणि आता तोही बाहेरचा, पन्नास चौरस फुटांत, पाटी लावून.

"अंकलला विचारू का?" मैत्रेयी म्हणाली.

"काही गरज नाही."

उत्तर ज्याला आधीच माहीत असतं, तो प्रश्न विचारत नाही. शैलेंद्र घरी आला, जेवला नाही. साधनाला एवढंच म्हणाला, "उद्या हुरडा काढतो. पीक घरात आलं की तो वाफा सोडून देऊ." कणसं दाण्यात आली होती, दुधाळ, नखाने दाबली की पिचकारी उडेल अशी. साधनाला बरं वाटलं. ती लसणाची चटणी कुटायला बसली.

रविवारी सकाळी सात वाजता बाप-लेक पिशवी घेऊन बागेत पोहोचले आणि ज्वारी नव्हती.

ताटं आडवी पडली होती. चारही ओळी मुळापासून उपटलेल्या, माती हातभर खोल उकरलेली, कणसं चिखलात तुडवलेली, अर्धी ओरबाडलेली. बांबू मोडून पडला होता. शेजारचे दोडके जागच्या जागी, पलीकडची मिरची जागच्या जागी. उद्ध्वस्त झाला होता तो एकच वाफा.

शैलेंद्र अकरा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या बापाने गायरानातली तीन एकर जमीन कसायला घेतली होती. दगड वेचून, काटे जाळून, दोन वर्षं राबून त्याने ज्वारी उभी केली. हुरड्यात आलेल्या त्या ज्वारीत गावच्या पाटलाच्या माणसांनी एका रात्रीत दोन ट्रॅक्टर फिरवले. बाप आडवा गेला, तर कुऱ्हाडीच्या दांड्याने त्याचा उजवा हात मोडला. आईला केसाला धरून बांधावरून फरफटवलं. शैलेंद्र तुरीत लपून बघत होता. हाड मोडल्याचा आवाज त्याने पंधरा हातांवरून ऐकला. आणि सकाळी चावडीवर सगळा गाव एकच वाक्य बोलला. रानडुकरं शिरली असतील.

"आ-सेन!" शैलेंद्रला याच नावाने हाक मारणारा क्वेक अंकल हातात बादली घेऊन लगबगीने येत होता. वाफा बघून त्याने बादली टाकली आणि तोंडावर हात मारला. "आय्यो. वाइल्ड बोर लाह! वाइल्ड बोर कम!"

"काय म्हणालास?" शैलेंद्र मराठीतच म्हणाला.

"बोर! बिग पिग! ईट ऑल!"

पहिला ठोसा तोंडावर बसला. म्हाताऱ्याची कवळी अर्धी बाहेर आली आणि तो मागे दोडक्याच्या मांडवावर आदळला. दुसरा ठोसा बरगडीत. मैत्रेयी किंचाळली, "बाबा, स्टॉप! स्टॉप लाह!" पण शैलेंद्रला तिचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू येत होता. "डुकरं?" तो ओरडत होता. "डुकरं? तुमची सगळ्यांची एकच डुकरं रे, भडव्यांनो!" म्हाताऱ्याच्या शर्टाला धरून त्याने त्याला उभं केलं आणि परत मारलं.

चाळीस वर्षं मासे कापलेला माणूसही काही गांधीबाबा नव्हता. चौथ्या ठोशाला त्याने कमरेची सुरी काढली आणि आडवी फिरवली. शैलेंद्रच्या कोपरापासून मनगटापर्यंत लाल रेघ उमटली, मग ती उघडली आणि रक्त बोटांवरून चिखलात गळू लागलं. शैलेंद्रने मागे हटून जे हाताला लागलं ते उचललं. चांगकुल होतं ते, आपल्या फावड्याचीच बहीण, लांब लाकडी दांड्याचं. पातं वर जाऊ दिलं नाही एवढीच त्याची शुद्ध शिल्लक होती. दांडा फिरवून त्याने म्हाताऱ्याच्या सुरीच्या हातावर मारला.

हाड मोडलं.

तो आवाज शैलेंद्रने लगेच ओळखला. तेहतीस वर्षं तो त्याच्या कानात होता, फक्त या वेळी तो दुसऱ्या बाजूने आला होता. सुरी पडली. क्वेक अंकल गुडघ्यांवर बसला, उजवा हात भलत्याच जागी वाकलेला, तोंडातून रक्त आणि लाळ. शैलेंद्रच्या हातातलं चांगकुल तसंच वर राहिलं. आता काय करायचं हे त्याला कळेना.

तेवढ्यात मागच्या केळींच्या गचपणात मोठी खसफस झाली आणि ते बाहेर आलं. काळपट, कंबरेइतकं उंच, मागे पाच पिल्लं. डुकरीणच होती. तिच्या जबड्यातून ज्वारीचं ताट लोंबत होतं. आरडाओरड्याने बिथरलेली ती सरळ शैलेंद्रच्या अंगावर आली. मुसंडीने तो हवेत उडाला आणि पाठीवर पडला. मांडीत दात घुसला तेव्हा तो लहान पोरासारखा ओरडला. तिने दुसऱ्यांदा डोकं खाली घातलं, तोच तिच्या थोबाडावर बादली बसली. क्वेक अंकल डाव्या हाताने बादलीची कडी धरून तिच्या नाकाडावर हाणत होता आणि टिओच्यू या आपल्या चिनी बोलीत तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. डुकरीण वळली, कुंपण तोडून पिल्लांसकट पार्ककडे पळाली.

बाग शांत झाली. क्वेक अंकल धापा टाकत मटकन बसला आणि रक्ताने भरलेल्या तोंडाने शैलेंद्रला म्हणाला, "नाऊ यू बिलीव्ह?"

इस्पितळात दोघांचे पलंग शेजारीशेजारीच होते. साधना चटणीच्या वासाच्या हातांनीच धावत आली होती. शैलेंद्रच्या हाताला बावीस टाके, मांडीला नऊ. म्हाताऱ्याच्या हाताला प्लॅस्टर, दोन बरगड्यांना तडा, ओठ सुजून निळा. मैत्रेयी खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. तिच्या मुठीत चिखलाने माखलेला लाल कागदाचा तुकडा होता, वाफ्याच्या उकरलेल्या मातीत सापडलेला.

"बाबा," ती म्हणाली. बापाकडे न बघता. "धिस इज द टॉप पार्ट. आय नो धिस वन. माझ्या लिस्टमध्ये आहे. फेइ-श्वेइ पू ल्यू वाय-रन-थ्येन."

"मराठीत सांग."

"खताचं पाणी... बाहेरच्यांच्या शेतात जाऊ द्यायचं नाही." तिचा आवाज फुटला. "चांगलं पाणी आहे ना, ते आपल्याच माणसांना द्यायचं. असं मीनिंग आहे. ही पेस्टेड इट ऑन अवर साइड, बाबा. पाइपजवळ. ही वॉज गिव्हिंग अस द गुड वॉटर. मी अर्धंच वाचलं."

शैलेंद्रने डोळे मिटले. अर्धं वाचलं होतं ते त्याने. पोरीने फक्त अक्षरं लावली होती. काळं पाणी, लाल पट्टी, डुक्कर. तिन्ही गोष्टी त्याने गावातून आणलेल्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. पाटलाच्या माणसांवरचं वड्याचं तेल त्याने या मासेवाल्या म्हाताऱ्याच्या वांग्यावर काढलं होतं. त्याला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पडदा सरकवून पोलीस आला. कोवळा अधिकारी, हातात छोटी वही. डॉक्टरांनी कळवलं होतं. त्याने आधी म्हाताऱ्याला विचारलं आणि म्हाताऱ्याने सुजलेल्या ओठांतून बिनदिक्कत सांगून टाकलं, "वाइल्ड बोर. पुश मी, आय फॉल. ही हेल्प, बोर बाइट हिम ऑल्सो."

"आणि यांच्या हातावरची जखम? ती तर सुरीची दिसते."

"माय नाइफ. आय अ‍ॅम ट्राय टू कट बोर. मिस." एवढं बोलून क्वेक अंकलने शैलेंद्रकडे बघत एक भुवई वर केली. त्याचंही गणित होतं. मारामारी झाली असं कागदावर आलं की बागवाले दोघांचेही वाफे काढून घेणार, आणि मुलगा त्याला पुन्हा घराबाहेर पडू देणार नाही. दोडके ऐन भरात होते.

अधिकारी लिहू लागला. शैलेंद्रला वहीतले शब्द उलटे दिसत होते. वाइल्ड बोर. साधनाने त्याचा चांगला हात घट्ट धरला.

"गप्प राहा," ती मराठीत, अगदी हळू म्हणाली. "तो स्वतःहून सोडतोय तुम्हाला. पोरीकडे बघा आणि गप्प राहा."

"सर," अधिकाऱ्याने शैलेंद्रला विचारलं, "असंच झालं ना? रानडुक्कर?"

हो म्हटलं की संपत होतं. पास राहत होता, अर्ज राहत होता, सप्टेंबर राहत होता. शैलेंद्रने तोंड उघडलं आणि त्याला चावडी दिसली. तलाठ्याने पंचनाम्यात रानडुकरं लिहिली आणि बापापुढे कागद सरकवला. बाप सातवी शिकलेला, आपली सही वळणदार येते याचा त्याला मोठा अभिमान. पण उजवा हात मोडलेला होता. म्हणून त्याचा डावा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. बाप पुढे वीस वर्षं जगला, पण ट्रॅक्टरबद्दल नाही, हाताबद्दल नाही, त्या अंगठ्याबद्दल बोलायचा. शेजारच्या पलंगावर क्वेक अंकलचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये पडून होता.

"नाही," शैलेंद्र इंग्रजीत म्हणाला. "डुक्कर नंतर आलं. त्यांचा हात मी मोडला. चांगकुलच्या दांड्याने. त्याआधी चार ठोसे मारले. त्यांनी सुरी काढली ती त्यानंतर, जीव वाचवायला. त्यांनी काही केलेलं नव्हतं."

साधनाचा हात सुटला.

क्वेक अंकल उठून बसायला गेला, कळ आली तसा परत पडला आणि पडल्यापडल्या ओरडला. "स्टुपिड! यू स्टुपिड! का-की-नांग! ओन पीपल! ओन पीपल फाइट, ओन पीपल स्टॉप! व्हाय यू टेल माता?" माता म्हणजे त्यांच्या भाषेत पोलीस. तो इतका चिडला होता की नर्स धावत आली. शैलेंद्र त्याच्याकडे बघत राहिला. आपलं माणूस म्हणून कुणी त्याला इतक्या शिव्या कधी दिल्या नव्हत्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला त्याचा एकही हात उचलेना.

अधिकाऱ्याने दोन शब्द खोडले आणि पान उलटलं. त्याने शैलेंद्रचं पूर्ण नाव विचारलं, पासचा नंबर विचारला. मैत्रेयी रडत नव्हती. ती उठली आणि बापाच्या पलंगाच्या कडेला येऊन बसली, दोघांमध्ये वीतभर अंतर ठेवून.

साधना भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग ती वळली. तिचा आवाज बाजारात भाव विचारावा तितका साधा होता.

"सप्टेंबरात परीक्षा आहे पोरीची. तेवढी होईपर्यंत राहू देतील का, ते विचारा त्याला."

शैलेंद्रने विचारलं. अधिकाऱ्याने वही मिटली, मैत्रेयीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते माझ्या हातात नाही, सर."